सडाफटिंग अमिबाची आत्या

दिवेकोळच्या खाडीत, कारखान्यांच्या काळ्या चिखलात सापडलेल्या नव्या जातीच्या अमिबानं केळुसकर साहेबांना स्पष्ट सांगितलं, की आत्यानं कानात कुर्र केल्याशिवाय आपण कुणाचं नाव लावून घेणार नाही.

साहेबांनी परत विचारलं. अमिबानं परत तेच सांगितलं आणि पुढचा घास घ्यायला बशीच्या कडेला निघून गेला.

आता काही लोक विचारतात, अमिबा बोलतो कसा. सोपं आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तो दिसतो आणि तिथंच कान लावला की ऐकू येतो. शिकलेली माणसं जन्मभर नुसता डोळा लावून बसतात आणि मग अमिबा मुका असतो म्हणून पुस्तकात छापतात. केळुसकर साहेबांनीही पुष्कळ वर्षं डोळाच लावला होता. पण त्या आठवड्यात त्यांचे डोळे आले. लाल झाले, पाणी गळायला लागलं. काम तर थांबवता येत नाही, म्हणून त्यांनी कान लावला.

केंद्र म्हणजे जेट्टीच्या बाजूची पत्र्याची एक खोली. बाहेर पाटी, 'सागरी चिखल तपासणी केंद्र'. पाटीवरचा 'सागरी' खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला, त्यामुळं लोक नुसतं चिखल केंद्र म्हणायचे. आत साहेब, आणि साहेबांना होडीतनं चिखलावर नेणारा हसुराम तांडेल. ओहोटी लागली की साहेबांनी गुडघाभर काळ्या रेंद्यात उतरायचं, डबीत चिखल भरायचा, तो जेलीचा थर दिलेल्या काचेच्या बशीवर पसरायचा आणि वाट बघायची. खाडीत वरच्या अंगाला कारखान्यांचं पाणी यायचं, खालच्या अंगाला गावाचं गटार. मासे कधीच गेले होते. खेकडेसुद्धा गेले. जे कोण उरलं होतं त्याला ओळखायचं, हे साहेबांचं काम. केस काळे होते तेव्हापासून ते हेच करत होते आणि अजून एकही नवी जात त्यांच्या नावावर नव्हती.

आणि आता सापडली होती. पुढं एक फुगवटा काढायचा, त्यात सगळं अंग ओतायचं, परत फुगवटा काढायचा, अशी त्याची चाल. पोटात तेलाचा एक थेंब असायचा, तो कुठल्याच पुस्तकातल्या अमिबात नव्हता. साहेबांनी त्याची जनुकं वाचून घेतली, तीही कुणाशी जुळली नाहीत.

"मुक्तजीवी आहे," साहेब हसुरामला म्हणाले.

"म्हणजे काय वो साहेब?"

"कुणाच्या अंगात राहत नाही, कुणाच्या जिवावर जगत नाही. आपला आपण असतो. एकटा."

"सडाफटिंग!" हसुराम म्हणाला. "तुमच्यासारका. सरकारनं तुमाला पन तपासायला पायजे."

साहेब हसले नाहीत. हसुरामला त्यांना हसवायची पैज अजून जिंकता आली नव्हती. पैज त्यानं स्वतःशीच लावलेली होती.

वरच्या ऑफिसानं सांगून ठेवलं होतं, की ह्या शिमग्याच्या आत एक तरी नवी जात नाव लावून यादीत आली नाही, तर केंद्र बंद. त्यामुळं अमिबाचा हट्ट साहेबांना परवडणारा नव्हता. त्यांनी बशीपाशी खुर्ची ओढली, कान लावला आणि समजुतीच्या सुरात बोलायला घेतलं.

"हे बघ, नाव समिती देते. पद्धत आहे तशी."

"पद्धत आत्याची आहे," अमिबा म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"चिखलात काय कळत नाही? लोक खाडीत सगळं टाकतात. बारशाची फुलं टाकतात, घुगऱ्यांचे द्रोण टाकतात. मी त्या फुलांवरच मोठा झालो. नाव आत्या ठेवते. कानात कुर्र करते. मग बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात."

"पण आत्या म्हणजे बापाची बहीण. तुमच्यात बाप नसतो. एकाचे दोन होतात."

"आणि दोघंही म्हणतात, मीच पहिला. म्हणून तर आमच्यात कुणाचं कुणाशी पटत नाही," अमिबा म्हणाला. "ज्यानं चिखलातनं बाहेर काढला, तो बाप. तुम्हाला बहीण आहे का?"

साहेबांनी कान काढला. रुमालानं डोळे पुसले. डोळे आलेलेच होते, त्यामुळं हसुरामला काही वाटलं नाही.

त्यांनी वरच्या ऑफिसात फोन लावला. नामकरण समितीच्या प्रमुख गुर्जर बाई म्हणून होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्या सख्खीच लागेल, की चुलत चालेल?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी कान लावला. "सख्खी, म्हणतो."

"मानलेली?"

"मानलेल्या आत्याला धपाटे हळू घालतात, म्हणतो."

"बरोबर आहे त्याचं," गुर्जर बाई म्हणाल्या. "समितीची हरकत नाही. फक्त आत्या स्वतः हजर पाहिजे, आणि नाव कानातच पडलं पाहिजे. त्याला कान आहे ना?"

तेही साहेबांनी विचारलं. अमिबा म्हणाला, "पाय लागला की पाय काढतो. कान काढायला काय जातंय?"

राहिला प्रश्न बहिणीचा. साहेबांना बहीण होती. सुलोचना, थोरली, तिकडं दक्षिणेला माडांच्या गावात राहायची. आईवडील लवकर गेल्यावर वामनला, म्हणजे साहेबांना, तिनंच वाढवला, शिकवला, आणि नोकरी लागल्यावर त्याच्यासाठी चौलची एक मुलगी बघितली. साखरपुड्याच्या दिवशी माणसं जमली, भटजी आले, पेढ्यांची ताटं मांडली, आणि वामन नव्हता. त्या दिवशी उधाणाची मोठी ओहोटी होती. एरवी कधी उघडा न पडणारा चिखल उघडा पडला होता. तो परत आला तेव्हा कमरेपर्यंत काळा होता आणि मांडवात ताई एकटी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "तू मला आत्या होऊ देणार नाहीस." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. आणि बोलणं एकदा बंद पडलं, की बंद ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही. ते आपोआप राहतं. मध्ये ताईचे यजमान गेले, तेही वामनला बाहेरनंच कळलं.

साहेबांनी फोन लावला. हसुराम जाळं विणायच्या निमित्तानं दारातच बसला.

"हॅलो, ताई."

"कोण?"

"वामन."

तिकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग ताई म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही ताई. आलंय. बारसं आहे. तू आत्या."

पुन्हा पंखा.

"मुलगा की मुलगी?"

"तसं नसतं त्यांच्यात."

"बरं," ताई म्हणाली. "आई कोण?"

"आई नाही. चिखलात सापडला."

"चिखलातच सापडायचा," ताई म्हणाली. "तू दुसरीकडं जातोस कुठं? रंग कुणावर गेलाय?"

"रंग नाही. आरपार दिसतो."

"म्हणजे आपल्या बाबांवर गेला. त्यांचंही पोटात काही राहायचं नाही. उद्याच्या गाडीनं येते."

ती यष्टीतनं उतरली तेव्हा तिच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि डोक्यावरचे केस पार पांढरे. साहेबांनी पिशव्या घेतल्या. दोघं एकमेकांकडं न बघता जेट्टीपर्यंत चालत आली. केंद्रात आल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकाला आधी डोळा लावला, मग वामननं सांगितलं तसा कान लावला, आणि कान लावूनच बराच वेळ उभी राहिली.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"तुला कशाला सांगू? आत्याभाच्याचं आहे," ताई म्हणाली. मग तिनं पिशवीतनं कुंची काढली. हिरवी, लाल काठाची, नेहमीच्या बाळाच्या मापाची.

"ताई, त्याला मोठी होईल."

"वाढेल की."

"तो वाढला की दोन होतो."

"मग दुसरी शिवते. तू माप दिलं नाहीस, मी काय करू?"

बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. हसुरामची बायको नखुबाय कोळीवाड्यातल्या चार बायका घेऊन आली. घुगऱ्या आहेत म्हटल्यावर कुणी बारसं कुणाचं ते विचारलं नाही. काचेच्या छोट्या वाटीत अमिबा ठेवला आणि वाटी दोऱ्यांनी स्टँडला टांगली, तो पाळणा. मग बायकांनी वाटी सोडवून स्टँडखालनं एकीकडनं दुसरीकडं दिली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." साहेबांचा जीव मुठीत.

"साहेब, श्वास घ्या," नखुबाय म्हणाली. "मी सुरमई कापताना पन काटा पडू देत नाय. ही तर वाटी हाय."

वाटी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. अमिबानं अंगाचा एक फुगवटा वर काढला, मध्ये खळगा पाडला, कडेला पाळीसुद्धा केली. चांगला कान झाला. सुलोचनाताई वाकली. "कुर्रर्र" म्हणाली. आणि नाव सांगितलं. त्याच क्षणी नखुबायचा धपाटा असा बसला, की ताईचा चष्मा घुगऱ्यांत पडला. मासळी बाजारातला हात तो.

"नाव काय ठेवलं?" सगळ्यांनी विचारलं.

"केरबा," ताई म्हणाली.

कोळणींनी माना डोलावल्या. ज्या घरात पोरं वाचत नाहीत, तिथं पोर केरात ठेवायचं, उचलायचं आणि केरबा म्हणायचं. म्हणजे मरण त्याच्याकडं बघून नाक मुरडतं आणि पुढं जातं. ह्या खाडीत काही वाचत नव्हतं. हा वाचला होता.

"शास्त्रात नावाला मागनं एक लॅटिन शेपूट लागतं," साहेब म्हणाले.

"शेपूट लावायचं नाही. अमिबा आहे, वानर नाही."

मग साहेब हसले. हसुराम पैज जिंकला आणि त्यानं स्वतःलाच एक जास्तीचा द्रोण वाढून घेतला.

ताई दोन दिवस राहायची म्हणून आली होती, ती राहिलीच. दुपारी केंद्रात यायची, मांडीवर जवळा निवडत बसायची आणि मध्ये मध्ये कान लावायची. संध्याकाळी साहेब सरकारी खोलीवर परतायचे. पहिल्या दिवशी ते दाराशी किल्ली हातात धरून उभे राहिले. दार उघडंच होतं. आतनं लसणीच्या फोडणीचा वास येत होता, कुणाच्या तरी सपाता इकडनं तिकडं वाजत होत्या. साहेबांना कळेना, आत कसं जायचं. एवढी वर्षं ते त्या खोलीत किल्लीनंच गेले होते. शेवटी त्यांनी स्वतःच्याच दारावर टकटक केली.

"कोण आहे?" आतनं ताई ओरडली.

"मीच."

"मग ये की! दार काय तुझ्या सासऱ्याचं आहे?"

त्या रात्रीपासून साहेबांना डाळीत मीठ बरोबर लागायला लागलं. आधी कमी असायचं की जास्त, हे मात्र त्यांना आठवेना.

शिमगा जवळ आला तसा गुर्जर बाईंचा फोन आला. साहेबांनी तो मोठ्या आवाजावर लावला. ताई कोपऱ्यात जवळा निवडत होती, हसुराम वल्ही पुसत होता.

"नाव मिळालं, छान आहे," बाई म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. तुम्ही त्याला मुक्तजीवींच्या यादीत घातलाय."

"मुक्तजीवीच आहे तो."

"मुक्तजीवी म्हणजे ज्याचं कुणाशी काही नाही, असा. ह्याला आत्या आहे. आत्या आहे म्हणजे बाप आहे. बारसं जेवलेल्या बायका आहेत. असा जीव मुक्तजीवी धरता येत नाही, साहेब."

साहेबांना ते पटलं. म्हणून तर ते घाबरले.

"मग परजीवींत घाला," ते म्हणाले.

"कुणाच्या अंगात राहतो?"

"अंगात नाही."

"कुणाचं रक्तबिक्त पितो?"

"आत्याचं डोकं खातो थोडंफार."

"त्यानं भागत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "दोनच याद्या आहेत. एक करता येईल. तुम्ही आत्ता, समितीच्या आणि त्याच्याही कानावर घाला, की त्याला कुणी नाही. आत्या नाही, बाप नाही. तेवढं तोंडानं म्हटलंत की तो पुन्हा मुक्तजीवी. जात यादीत, केंद्र चालू. मी फोन धरून आहे."

ओहोटीचं पाणी चिखलातनं सुटताना बुडबुडे फुटतात, ते ऐकू येत होते.

"म्हण की," कोपऱ्यातनं ताई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "जन्माचं काम आहे तुझं. माझं काय? मी शिमग्याला घरी जाणारच होते. माड उतरवायचे आहेत."

साहेब सूक्ष्मदर्शकापाशी गेले. अमिबानं कान काढूनच ठेवला होता. बारशापासून त्यानं तो आत घेतलाच नव्हता. त्याच्यामुळं त्याला चालताना त्रास व्हायचा, एका अंगावर झुकायचा, पण घेतला नव्हता. साहेब वाकले. "केरबा," ते म्हणाले. मग थांबले. पुढचं वाक्य सोपं होतं. स्वतःबद्दल ते त्यांनी कितीतरी वेळा, कुणी न विचारता, म्हटलेलं होतं.

"साहेब?" फोनमधनं गुर्जर बाई म्हणाल्या.

"त्याला आत्या आहे," साहेब म्हणाले.

"मग तो यादीत नाही."

"नाही."

"म्हणजे समितीच्या दृष्टीनं तो नाहीच."

"आहे तो. इथं बसलाय. ऐकतोय."

"तुमच्या बाजूनं असेल," बाई म्हणाल्या. "तब्येतीची काळजी घ्या." आणि फोन ठेवला.

ताई उठली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जवळ्याची काय घाण येते रे." जवळा तर स्वच्छ निवडलेला होता.

होळीनंतर दोन माणसं येऊन केंद्राला कुलूप लावून गेली. बशा, स्टँड, बाटल्या, सगळ्याची मोजदाद झाली. सूक्ष्मदर्शक जुना झाला म्हणून त्यांनी तो भंगारात काढला आणि भंगार न्यायला गाडीत जागा नव्हती म्हणून साहेबांकडंच ठेवला. अमिबाचं काय करायचं, असं साहेबांनी विचारलं. जो नाहीच, तो न्या किंवा नेऊ नका, असं काहीच सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

साहेबांना वाटलं होतं, आता आपण ताईबरोबर माडांच्या गावाला जाऊ. पण बंद केंद्रालासुद्धा प्रमुख लागतो. चालू केंद्र एखादा दिवस एकटं सोडता येतं. बंद केंद्राकडं कुणी बघितलं नाही तर ते उघडेल की काय, ह्याची वरच्या ऑफिसाला धास्ती. तेव्हा निवृत्तीपर्यंत साहेबांनी रोज पत्र्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून, ते बंद आहे ना बघत बसायचं, असं ठरलं. हसुरामची बदली धक्क्यावर झाली.

ताईच्या जायच्या दिवशी सकाळी केरबा दोन झाला. आधी कान आत गेला. मग तो गोल झाला, मध्ये आवळला, आणि दोन अमिबा दोन बाजूंना चालायला लागले. ताईनं एकाला कान लावला, मग दुसऱ्याला लावला.

"तू केरबा का?"

"असेन," एक म्हणाला.

"असेन," दुसरा म्हणाला.

"कुर्र कुणाच्या कानात केलं होतं, आठवतं?"

दोघांनाही आठवत नव्हतं. एकमेकांचीही त्यांना ओळख नव्हती. ते एकमेकांच्या अंगावरनं, गर्दीत माणसं जातात तसे, गेले.

ताईनं एकाला खाडीच्या चिखलासकट स्टीलच्या डब्यात घेतलं, झाकण सैल लावलं आणि यष्टीत मांडीवर धरून बसली. "दुसऱ्याला उपाशी ठेवू नकोस," खिडकीतनं म्हणाली. "आणि तूही जेवत जा." गाडी वळणावरनं गेली. साहेब परत येऊन कुलपासमोर बसले.

दर रविवारी, ऊन उतरायच्या वेळेला ताईचा फोन येतो. ती तिकडं फोन डब्यावर धरते, साहेब इकडं सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावतात. भावंडांनी बोललं पाहिजे, असं ताईचं म्हणणं. पण एकाचे दोन झालेल्या अमिबांना एकमेकांशी बोलायला काही नसतं. इकडचा आपला घास शोधत असतो, तिकडचाही तेच करत असावा. फोनमध्ये काही ऐकू येत नाही. ताईकडचा पंखा तेवढा येतो, आणि ताईला इकडचं भरतीचं पाणी येत असावं.

बराच वेळ झाला की दोघंही फोन आपापल्या कानाला लावतात. ताई म्हणत नाही, ठेवते. वामनही म्हणत नाही. फोन चालूच राहतो, अंधार पडेपर्यंत.